ग्रीवा रोहिणीची अरुंदता, रक्तातील मेद आणि मेंदूचे रक्ताभिसरण

ग्रीवा रोहिणीची अरुंदता हा मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या प्रमुख रक्तवाहिन्यांचा विकार आहे. या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराखाली मेद, दाहपेशी, तंतू व कॅल्शियम यांचा थर साचतो आणि रक्त वाहण्याची पोकळी हळूहळू लहान होते. अशा थराला 'प्लाक' म्हणतात, तर तो साचण्याच्या प्रक्रियेला रोहिणी विलेपी विकार किंवा अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस असे नाव आहे. रक्तातील मेदाचे, विशेषतः एलडीएल कोलेस्टेरॉलचे, वाढलेले प्रमाण हे या विकाराचे एक मुख्य कारण आहे. रक्ताच्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताच्या महत्त्वाच्या कारणांमध्ये ग्रीवा रोहिणीच्या अरुंदतेचा समावेश होतो. हा विकार अनेक वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता वाढू शकतो.

नाव

इंग्रजीतील 'कॅरोटिड' हा शब्द गाढ झोप किंवा गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. मानेतील या रक्तवाहिन्या दाबल्या असता माणूस बेशुद्ध होतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत मानेतील मर्मांची गणना करताना 'नीला' व 'मन्या' ही नावे आली आहेत. मराठी वैज्ञानिक लेखनात शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीस 'रोहिणी' किंवा 'धमनी' म्हणतात, त्यामुळे कॅरोटिड धमनीला 'ग्रीवा रोहिणी' असेही म्हटले जाते.

शरीररचना

मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक समाईक ग्रीवा रोहिणी असते. डावी रोहिणी थेट महारोहिणीच्या कमानीतून निघते, तर उजवी रोहिणी महारोहिणीच्या पहिल्या मोठ्या शाखेपासून निघते. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या सुमारास प्रत्येक समाईक रोहिणी दुभंगते. तिची बाह्य शाखा चेहरा व टाळूच्या त्वचेला रक्त पुरवते. आंतर शाखा मानेत एकही फाटा न देता कवटीत शिरते आणि डोळा व मेंदूचा पुढचा मोठा भाग यांना रक्त पुरवते. मेंदूच्या मागील भागाला आणि मस्तिष्कस्तंभाला मणक्यांमधून वर जाणाऱ्या दोन कशेरुक रोहिण्या रक्त देतात.

मेंदूच्या तळाशी या चारही वाहिन्या एका वलयाने जोडलेल्या असतात. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली आपल्या ग्रंथात या वलयाचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्या नावावरून त्यास 'विलिसचे वलय' म्हणतात. एका बाजूचा पुरवठा कमी झाला तर दुसऱ्या बाजूचे रक्त या वलयातून तिकडे वळू शकते. मात्र हे वलय सर्वांमध्ये पूर्ण नसते. अनेकांमध्ये त्याचा एखादा दुवा फार बारीक असतो किंवा नसतोच. त्यामुळे एकाच प्रमाणात अरुंद झालेली रोहिणी एका रुग्णात निरुपद्रवी, तर दुसऱ्या रुग्णात घातक ठरू शकते.

समाईक रोहिणी जेथे दुभंगते तेथे आंतर शाखेचा आरंभ किंचित फुगीर असतो. या फुगवट्याच्या बाहेरील भिंतीलगत रक्ताचा वेग मंदावतो आणि तेथे लहान भोवरे निर्माण होतात. प्रवाहाचे घर्षण कमी असलेल्या अशा जागी अस्तराच्या पेशी दाहाला अनुकूल होतात. रक्तातील मेद सगळीकडे सारखाच असूनही प्लाक प्रामुख्याने याच जागी साचतो, याचे हे कारण आहे.

रक्तातील मेद

मेद पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे रक्तात ते प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांच्या रूपाने वाहून नेले जातात. या कणांना मेदप्रथिने किंवा लिपोप्रोटीन म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

कायलोमायक्रॉन : जेवणातील मेद आतड्यापासून शरीरभर नेणारे मोठे कण.
व्हीएलडीएल : यकृतात तयार होणारे आणि मुख्यत्वे ट्रायग्लिसराइड वाहणारे कण.
एलडीएल : व्हीएलडीएलमधील ट्रायग्लिसराइड कमी होत गेल्यावर उरणारे, कोलेस्टेरॉलने समृद्ध कण.
एचडीएल : ऊतींमधील जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्यात भाग घेणारे लहान कण.
लिपोप्रोटीन (ए) : एलडीएलसारखाच, परंतु एक अधिक प्रथिन जोडलेला कण. याचे प्रमाण बहुतांशी आनुवंशिकतेने ठरते आणि आहाराने फारसे बदलत नाही.

व्हीएलडीएल, एलडीएल व लिपोप्रोटीन (ए) यांच्या प्रत्येक कणावर अ‍ॅपोबी-१०० या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून अ‍ॅपोबीची पातळी ही रोहिणीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या कणांच्या संख्येची निदर्शक मानली जाते.

अनेक प्रयोगशाळांत एलडीएल प्रत्यक्ष न मोजता फ्रीडवाल्ड यांच्या १९७२ मधील सूत्राने काढले जाते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला की एलडीएल मिळते. उदाहरणार्थ, एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ४० व ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असल्यास एलडीएल २१० − ४० − ३० = १४० येते. ट्रायग्लिसराइड ४०० पेक्षा जास्त असल्यास हे सूत्र वापरता येत नाही.

मेंदूतही कोलेस्टेरॉलचा मोठा साठा असतो. शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा मेंदूत, मुख्यतः चेतातंतूंच्या आवरणात, आढळतो. हे कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच तयार करतो, कारण रक्त व मेंदू यांच्यामधील अडसर रक्तातील मेदप्रथिनांना आत शिरू देत नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी केल्यास मेंदूची उपासमार होईल, ही भीती म्हणूनच निराधार आहे. रक्तातील मेद मेंदूला अपाय करतो तो मेंदूत शिरून नव्हे, तर त्याच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या बिघडवून.

प्लाकची निर्मिती

अस्तराच्या पेशींमधून एलडीएलचे कण भिंतीत शिरतात व तेथे अडकतात. कालांतराने त्यांचे ऑक्सिडीकरण होते. त्यांना परके समजून एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी भिंतीत येतात आणि हे कण गिळतात. मेदाने भरलेल्या अशा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेनपेशी म्हणतात. फेनपेशी मेल्या की त्यांच्यातील मेद बाहेर पडून मऊ गाभा तयार होतो. स्नायुपेशी त्यावर तंतूंचे आच्छादन रचतात.

या प्रक्रियेतील कोलेस्टेरॉलचा सहभाग रशियन विकृतिशास्त्रज्ञ निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ साली सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार देऊन दाखवला. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी पेशींवरील एलडीएल ग्राहीचा शोध लावला आणि कोलेस्टेरॉलच्या नियमनावरील संशोधनासाठी त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा ग्राही जन्मतः सदोष असल्यास एलडीएल अतिशय वाढते आणि तरुण वयातच रोहिण्या खराब होतात.

प्लाक किती मोठा आहे याइतकेच तो कसा आहे हेही महत्त्वाचे असते. जाड तंतुमय आच्छादन असलेला प्लाक बराच काळ स्थिर राहू शकतो. याउलट मेदाचा मोठा गाभा, पातळ आच्छादन आणि आत झालेला रक्तस्राव असलेला प्लाक फुटण्याची शक्यता अधिक असते.

मेंदूला होणारा अपाय

ग्रीवा रोहिणीची अरुंदता मेंदूला दोन मार्गांनी इजा करते.

पहिला व अधिक वेळा आढळणारा मार्ग अंतर्रोधाचा आहे. प्लाकचे आच्छादन फाटले की आतील गाभा रक्ताच्या संपर्कात येतो व तेथे गुठळी बनते. गुठळीचे किंवा प्लाकचे तुकडे प्रवाहाबरोबर वर जाऊन मेंदूतील लहान रोहिणीत अडकतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे नेत्रवैद्य रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१ साली डोळ्याच्या दृष्टिपटलावरील रोहिण्यांमध्ये अडकलेल्या चकचकीत पिवळ्या कणांचे वर्णन केले. ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक असतात आणि नेत्रदर्शकातून प्रत्यक्ष पाहता येतात. मानेत साचलेला मेद वर वाहून जातो, याचा हा दृश्य पुरावा होय.

दुसरा मार्ग रक्तपुरवठा अपुरा पडण्याचा आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी हृदयाने फेकलेल्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त आणि शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन त्याला लागतो. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅम ऊतीतून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. हे प्रमाण साधारण २० च्या खाली गेले की चेतापेशींचे कार्य थांबते, आणि १० च्या खाली काही काळ राहिले की त्या मरू लागतात. या दोन मर्यादांच्या मधील ऊती निकामी दिसतात, पण जिवंत असतात. पक्षाघातात तातडीच्या उपचारांचा उद्देश याच ऊती वाचवण्याचा असतो.

रोहिणी अरुंद झाल्याबरोबर पुरवठा घटत नाही. व्यास निम्मा झाला तर पोकळीचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते. तरीही एकूण प्रवाह बराचसा टिकून राहतो, कारण अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो आणि मेंदूतील लहान रोहिण्या रुंदावून अडथळ्याची भरपाई करतात. या गुणाला रक्तप्रवाहाचे स्वनियमन म्हणतात. व्यास सुमारे ७० टक्क्यांनी घटला, म्हणजे क्षेत्रफळ अवघे ९ टक्के उरले, की ही भरपाई अपुरी पडू लागते. लहान रोहिण्या पूर्ण रुंदावल्यावर राखीव क्षमता संपते. मग मेंदू वाहत्या रक्तातून नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन शोषून घेऊ लागतो. एरवी तो रक्तातील ऑक्सिजनचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा घेतो. या अवस्थेत रक्तदाब अचानक उतरला तरी पक्षाघात होऊ शकतो.

रक्तातील मेद या दुसऱ्या मार्गावरही परिणाम करतो. अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करून रोहिण्यांना सैल करतात. एलडीएल जास्त असल्यास हे कार्य मंदावते. त्यामुळे जेव्हा लहान रोहिण्यांनी रुंदावण्याची गरज सर्वांत जास्त असते, नेमका तेव्हाच त्यांचा प्रतिसाद कमी पडू शकतो.

लक्षणे

बहुतेक रुग्णांना कोणतीही लक्षणे नसतात. लक्षणे उद्भवल्यास ती पुढील प्रकारची असतात.

एका डोळ्यापुढे पडदा उतरल्याप्रमाणे काही मिनिटे अंधार होणे.
शरीराच्या एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा अचानक लुळा किंवा बधिर होणे.
बोलताना शब्द न सुचणे, बोलणे अडखळणे किंवा दुसऱ्याचे बोलणे न समजणे.

डोळ्याचे लक्षण अरुंद रोहिणीच्याच बाजूला, तर हातापायांचे लक्षण विरुद्ध बाजूला दिसते, कारण मेंदूचा प्रत्येक अर्धगोल शरीराच्या विरुद्ध बाजूचे नियंत्रण करतो. काही मिनिटांत पूर्णपणे ओसरणाऱ्या झटक्याला क्षणिक रक्तन्यूनतेचा झटका म्हणतात. लक्षणे ओसरल्यामुळे रुग्ण व नातेवाईक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात मोठ्या पक्षाघाताचा धोका त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो. म्हणून बरे वाटू लागले असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी होणे आवश्यक असते. महाराष्ट्रात अशा वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

घेरी येणे किंवा सर्वसाधारण अशक्तपणा ही एकटी लक्षणे सहसा ग्रीवा रोहिणीच्या अरुंदतेमुळे नसतात.

निदान

स्टेथोस्कोप मानेवर ठेवला असता कधी कधी फुत्कारासारखा आवाज ऐकू येतो. मात्र आवाज नसल्यास रोहिणी निरोगी आहे असे म्हणता येत नाही, कारण अतिशय अरुंद वाहिनीत प्रवाहच इतका कमी होतो की आवाज नाहीसा होतो.

मुख्य तपासणी डॉपलर सोनोग्राफीची असते. तीत प्लाकचे चित्र दिसते आणि रक्ताचा वेग मोजता येतो. आंतर ग्रीवा रोहिणीत हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा कमाल वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरहून अधिक असल्यास अरुंदता ५० टक्के किंवा जास्त, तर २३० सेंटिमीटरहून अधिक असल्यास ७० टक्के किंवा जास्त असल्याचे सामान्यतः मानले जाते. सीटी व एमआर अँजिओग्राफीने मानेपासून मेंदूपर्यंतच्या सर्व वाहिन्या पाहता येतात. एमआरआयवर प्लाकमधील मेदाचा गाभा आणि रक्तस्रावही ओळखता येतो.

मेंदूतील प्रवाहासाठी कवटीतून केली जाणारी डॉपलर तपासणी वापरली जाते. रुन आस्लिड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८२ साली प्रचारात आणली. रुग्णाला काही सेकंद श्वास रोखायला सांगितले की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि निरोगी मेंदूतील प्रवाहाचा वेग वाढतो. वेग वाढला नाही तर राखीव क्षमता संपल्याचे समजते. वाहत जाणारे सूक्ष्म तुकडेही या तपासणीत क्षणिक आवाजांच्या रूपाने टिपले जातात.

उपचार

मेद कमी करणारी औषधे

जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन वेगळे केले. लोव्हास्टॅटिन या औषधाला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. त्यामुळे यकृताच्या पेशी अधिक एलडीएल ग्राही तयार करतात आणि रक्तातील एलडीएल खेचून घेतात.

कोलेस्टेरॉल व पक्षाघात यांचा संबंध बराच काळ वादाचा होता. हृदयविकाराशी कोलेस्टेरॉलचे नाते स्पष्ट असले तरी मोठ्या लोकसंख्येच्या निरीक्षणांत एकूण पक्षाघाताशी ते दिसत नव्हते. याचे एक कारण असे की पक्षाघातात दोन भिन्न आजार एकत्र मोजले जात होते. गुठळीमुळे होणारा पक्षाघात जास्त कोलेस्टेरॉलबरोबर वाढतो, तर मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण फार कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांत थोडे अधिक आढळते. औषधांच्या चाचण्यांनी हा गुंता सोडवला. एलडीएल दर १ मिलिमोल प्रति लिटरने, म्हणजे सुमारे ३९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने, कमी केल्यास गुठळीमुळे होणारा पक्षाघात सुमारे एक पंचमांशाने घटतो असे दिसून आले.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्पार्कल चाचणीत, पूर्वी पक्षाघात किंवा क्षणिक झटका येऊन गेलेल्या ४,७३१ रुग्णांचा समावेश होता. सुमारे पाच वर्षांत ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ११.२ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १३.१ टक्के रुग्णांना पुन्हा पक्षाघात झाला. मेंदूतील रक्तस्राव मात्र औषध घेणाऱ्यांत थोडा जास्त होता. यांपैकी ग्रीवा रोहिणी अरुंद असलेल्या रुग्णांचे वेगळे विश्लेषण केले असता त्यांना झालेला लाभ अधिक दिसला. त्यांच्यातील पक्षाघात सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि रोहिणीवर शस्त्रक्रिया किंवा स्टेंट करण्याची गरज निम्म्याहून कमी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत एलडीएल ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली ठेवलेल्या गटात ८.५ टक्के, तर ९० ते ११० दरम्यान ठेवलेल्या गटात १०.९ टक्के रुग्णांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांशी संबंधित गंभीर घटनांना सामोरे जावे लागले.

स्टॅटिनने प्लाक क्वचितच मोठ्या प्रमाणात आक्रसतो. त्याचा मेदाचा गाभा लहान होतो, दाह कमी होतो व आच्छादन बळकट होते. सोनोग्राफीत अरुंदतेचा आकडा तोच राहिला म्हणजे औषध निरुपयोगी ठरले, असा अर्थ होत नाही. स्टॅटिन पुरेसे न पडल्यास एझेटिमाइब किंवा पीसीएसके-९ रोधक औषधे जोडली जातात. केवळ एचडीएल वाढवणाऱ्या औषधांकडून अपेक्षित लाभ मिळालेला नाही.

याखेरीज अ‍ॅस्पिरिनसारखी गुठळीविरोधी औषधे, रक्तदाब व मधुमेह यांचे नियंत्रण आणि तंबाखू पूर्णपणे सोडणे हे उपचाराचे आवश्यक भाग आहेत. या आजाराच्या गोळ्यांनी रुग्णाला स्वतःमध्ये काहीही फरक जाणवत नाही. त्यामुळे त्या मध्येच सोडल्या जाण्याची शक्यता असते, आणि त्यांनी मिळणारे संरक्षणही त्याबरोबर जाते.

शस्त्रक्रिया व स्टेंट

कॅनडातील चेताविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५१ साली मानेतील रोहिणीचा अडथळा व पक्षाघात यांचा संबंध ठामपणे मांडला. १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी रोहिणीचा रोगट भाग काढून प्रवाह पूर्ववत केल्याची नोंद प्रसिद्ध केली. रोहिणी उघडून प्लाक खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेला एंडार्टरेक्टमी म्हणतात.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकी चाचणीत लक्षणे असलेल्या व ७० ते ९९ टक्के अरुंदता असलेल्या रुग्णांमध्ये दोन वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचे प्रमाण केवळ औषधांवर २६ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के आढळले. ५० ते ६९ टक्के अरुंदतेत लाभ मर्यादित असतो आणि त्याखालील अरुंदतेत तो नसतो. लक्षणांनंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास सर्वाधिक लाभ होतो. लक्षणे नसलेल्या रुग्णांमध्ये धोका मुळात कमी असल्याने निर्णय व्यक्तिगणिक घ्यावा लागतो. या रुग्णांवरील जुन्या चाचण्या आजची प्रभावी मेदरोधक औषधे सर्रास वापरली जाण्यापूर्वीच्या आहेत, हेही लक्षात घ्यावे लागते. स्टेंट हा दुसरा पर्याय आहे. तो बसवताना पक्षाघाताचा धोका विशेषतः वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेपेक्षा थोडा अधिक असतो, तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कमी असतो.

दीर्घकाळ कमी दाबाची सवय झालेल्या मेंदूत एकाएकी भरपूर रक्त आल्यास तीव्र डोकेदुखी, आकडी व क्वचित रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रक्तदाबावर काटेकोर लक्ष ठेवतात.

रोहिणी पूर्ण बंद झालेल्या रुग्णांमध्ये टाळूची रोहिणी मेंदूच्या रोहिणीला जोडून रक्तपुरवठा वाढवण्याचा प्रयत्नही झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडणीने मेंदूतील प्रवाह सुधारला, परंतु दोन वर्षांतील पक्षाघाताचे प्रमाण शस्त्रक्रिया केलेल्यांत २१ टक्के व न केलेल्यांत २२.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या पक्षाघातांनी तिचा नंतरचा लाभ पुसून टाकला होता. प्रवाहाचा आकडा सुधारणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चाचणीने दाखवून दिले.

भारतातील स्थिती

दक्षिण आशियाई लोकांमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त व एचडीएल कमी असण्याची प्रवृत्ती आढळते, आणि एलडीएलचे कण लहान व घट्ट असतात. अशा व्यक्तीचे एलडीएल कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसले तरी कणांची संख्या जास्त असू शकते. म्हणून एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून मिळणारा आकडा किंवा अ‍ॅपोबी पाहणे उपयुक्त ठरते. युरोपीय वंशाच्या लोकांच्या तुलनेत आशियाई लोकांमध्ये मानेऐवजी कवटीच्या आतील रोहिण्या अरुंद होण्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे मानेची सोनोग्राफी निर्दोष असली तरी तेवढ्यावरून मेंदूच्या सर्व वाहिन्या निरोगी ठरत नाहीत.

वनस्पती तुपासारख्या हायड्रोजनीकृत मेदातील ट्रान्स मेदाम्ले एलडीएल वाढवतात व एचडीएल घटवतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व मेद यांतील ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा लागू केली आहे.